पावणेतीन मिनिटांत चौतीस

“आई, अकरा.”

मी फोनवर ताईशी बोलत होते, लेक शेजारी अभ्यासाला बसली होती आणि तिच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर रेघा चालल्या होत्या, चार उभ्या एक आडवी, चार उभ्या एक आडवी. मी हातानेच विचारलं, काय अकरा? तर म्हणाली, “म्हणजे. अकरा वेळा ‘म्हणजे’ म्हणालीस. थांब, आत्ता परत म्हणालीस, बारा.” तिकडून ताई विचारतेय कोण काय मोजतंय गं, मी सांगायला जाते “अगं काही नाही, म्हणजे...” आणि इकडे तेरावी रेघ.

स्वतःच्या घरात, सख्ख्या बहिणीशी सुद्धा मोकळेपणी बोलता येऊ नये अशी वेळ माझ्यावर का आली ते सांगते. दोष सगळा अप्रेझलचा.

मी गेली चौदा वर्षं आकड्यांचं काम करते. दोन शीट जुळत नसल्या की लोक माझ्याकडे येतात आणि फरक कुठल्या ओळीत आहे हे मी झोपेतसुद्धा सांगू शकते. अडचण एवढीच की झोपेतच. जागेपणी, समोर चारापेक्षा जास्त माणसं असली, की मला स्वतःचं नावसुद्धा आठवून सांगावं लागतं. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही कारण मी ईमेल झकास लिहिते. ईमेलमध्ये मी भयंकर ठाम बाई आहे. ईमेलमध्ये मी लोकांना “कृपया नोंद घ्यावी” असं सुनावते. प्रत्यक्षात तेच लोक समोर आले की मी कपाटाच्या बाजूने निघून जाते.

तर मागच्या एका तिमाही मीटिंगला, ऑनलाइन, पंचवीस-तीस चौकोन स्क्रीनवर, मी आपली नेहमीसारखी कॅमेरा बंद करून दुसरंच काम उरकत बसलेली, आणि साहेब अचानक म्हणाले, “हे आकडे मॅडमनीच काढलेत, तर आता मॅडमच सांगतील.” त्यांना वाटलं ते मला संधी देतायत. मी अनम्यूट केलं, कॅमेरा चालू केला, आणि डोकं असं कोरं झालं की फळ्यावरून ओलं फडकं फिरवावं तसं. तोंडाला कोरड. काहीतरी बोलायला तर पाहिजे. आणि मग त्या कोऱ्या फळ्याच्या मागून, तिसरी-चौथीत पाठ केलेलं, इतकी वर्षं कुठे दडून बसलं होतं कोण जाणे, ते बाहेर आलं.

“अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि—”

‘आणि’ला थांबले. माझ्या बालमित्रांपर्यंत पोचले नाही एवढीच माझी पुण्याई. तीस चौकोनांत शांतता. मग कुणीतरी हसणं दाबताना म्यूट करायला विसरलं. साहेब म्हणाले, “अं... हो... बोला.” पुढे मी काय बोलले ते मला आठवत नाही, आणि माझा अंदाज आहे की बाकी कुणालाही आठवत नसणार, कारण त्यानंतर दोन महिने मला लिफ्टमध्ये जो भेटेल तो “नमस्कार बालमित्र” म्हणायचा.

याचं शास्त्र मी नंतर वाचलं. शरीराला धोका वाटला की ॲड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचन मागे पडतं म्हणून थुंकी आटते. लढा किंवा पळा, अशी सगळी जय्यत तयारी. ही तयारी चांगलीच आहे, माझी काही तक्रार नाही, पण लढायचं म्हटलं तर समोर साहेब, आणि पळायचं म्हटलं तर हेडफोनची वायर लॅपटॉपला. मग ते सगळं ॲड्रेनलिन जाणार कुठे, ते गुडघ्यांत गेलं. टेबलाखाली होते म्हणून बरं.

अप्रेझलच्या फॉर्ममध्ये साहेबांनी लिहिलं, “कम्युनिकेशन स्किल्स : सुधारणेस वाव.” वाव हा शब्द मला आवडला. पडक्या घराला “हवेशीर” म्हणण्यातला प्रकार.

मग ऑफिसनेच दोन दिवसांच्या वर्कशॉपला पाठवलं. ट्रेनर सर उत्साहाचा नुसता धबधबा. पहिल्याच तासाला त्यांनी पडद्यावर मोठं वर्तुळ दाखवलं आणि म्हणाले, तुमच्या बोलण्याचा परिणाम होतो त्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५! सगळ्यांनी लिहून घेतलं. मीही घेतलं, पण आकडा दिसला की त्याची बेरीज तपासायची मला खोडच आहे. बेरीज १०० येत होती, ते ठीक, पण बाकीचं काही जमेना. शब्द जर ७ टक्केच असतील तर मी तिमाहीची थकबाकी नुसती भुवया उडवून सांगू का? आणि सात टक्क्यांसाठी हे सर दोन दिवस का बोलतायत?

हे मी तिथे विचारलं नाही हे वेगळं सांगायला नको. हा प्रश्न मला नेहमीप्रमाणे रात्री दीड वाजता, अंथरुणात, अतिशय मुद्देसूद आणि एकही अडखळ न घेता सुचला. उठून शोधलं तर तो आकडा अल्बर्ट मेहरेबियन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा, १९६७ सालच्या दोन अभ्यासांवरून काढलेला, आणि त्या अभ्यासांत होतं काय तर एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरात म्हणून दाखवायचा, सोबत चेहऱ्याचे फोटो, आणि ऐकणाऱ्याने सांगायचं की बोलणाऱ्याला समोरचा आवडतोय की नाही. भावना आणि आवडनिवड यांच्यापुरतं ते, तेही शब्द एक सांगतायत आणि सूर भलतंच सांगतोय अशा वेळी. स्वतः मेहरेबियननेच सांगून ठेवलंय की हे समीकरण सगळ्या बोलण्याला लावू नका. पण वर्तुळाच्या चित्रात ते मावत नसणार. मला एकदम बरं वाटलं, सर चुकले म्हणून नाही (थोडं म्हणूनही), तर माझ्या हाताशी असलेली एकमेव गोष्ट जी आहे, शब्द आणि आकडे, ती अगदीच सात टक्क्यांची नाही म्हणून.

त्या वर्कशॉपमधलं मला सगळ्यात जड गेलं ते म्हणजे हात. जन्मापासून हे दोन हात माझ्याजवळ आहेत, कधी अडचण म्हणून वाटली नाही, पण “उभ्या राहा आणि दोन मिनिटं बोला” म्हटल्याबरोबर असं वाटलं की कुणीतरी आत्ताच आणून दिलेत आणि म्हणालंय धरा जरा, येतोच. पुढे बांधले तर सर म्हणाले बचावात्मक वाटतं. मागे बांधले तर म्हणाले परेडला उभ्या आहात का. कमरेवर ठेवले तर शेजारची म्हणाली भांडायला आल्यासारखं दिसतंय. खाली सोडले तर ते आपोआप ओढणीशी खेळायला लागले. शेवटी मी पेन धरलं, तर त्याची टिकटिक सुरू झाली आणि ती टिकटिक मी करतेय हे मला सोडून हॉलमधल्या सगळ्यांना कळलं.

दुसरी गोष्ट नजर. समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोला. ऑनलाइन मीटिंगला हे कसं करायचं याचा कुणी विचार केलाय का? माणसांच्या डोळ्यांत बघितलं तर त्यांना वाटतं मी खाली बघतेय. त्यांना वाटायला हवं असेल की मी त्यांच्याकडे बघतेय तर वरच्या त्या बारक्या काळ्या ठिपक्याकडे बघायचं, म्हणजे मग मला माणसंच दिसत नाहीत, फक्त त्यांना मी दिसते. जगात दुसरीकडे कुठे असं होत असेल असं वाटत नाही, दोघं एकमेकांकडे बघतायत असं दोघांनाही वाटावं म्हणून दोघांनीही दुसरीकडेच बघायचं. लेकीने उपाय म्हणून चिकटपट्टीच्या पिवळ्या कागदावर दोन डोळे काढून कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना लावले. एक डोळा मोठा झालाय आणि एक लहान, त्यामुळे मी बोलायला लागले की तो कागद माझ्याकडे संशयाने बघतो.

“स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका” हाही सल्ला होता. ऐकलं. दोन वाक्यांनंतर बंद केलं आणि नवऱ्याला विचारलं, “माझा आवाज असा आहे?” तो म्हणाला, “असा म्हणजे? असाच आहे.” “इतका किनरा?” यावर तो काही बोलला नाही, लग्नाला सोळा वर्षं झालीत, त्याला कळतं. म्हणे आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो आणि हाडांतून येणारा भाग खर्जातला असतो, म्हणून आपल्याला आपला आवाज भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडं नसतात. थोडक्यात, तो भारदस्त आवाज जगात फक्त एकाच माणसाने ऐकलाय आणि ते माणूस मी. बाकी सगळ्यांना इतकी वर्षं हा दुसराच सहन करावा लागतोय.

वर्कशॉपने फरक काहीच पडला नाही, फक्त हातांची जाणीव वाढली. मग एका मैत्रिणीने मला तिच्या भाषणांच्या क्लबला ओढून नेलं. या प्रकाराची मूळ कल्पना राल्फ स्मेडली यांची, १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता ॲना गावी, वायएमसीए या तरुणांसाठीच्या संस्थेच्या तळघरात त्यांनी टोस्टमास्टर्स सुरू केलं, ते पुढे जगभर पसरलं आणि त्याच धर्तीवर इतरही बरेच क्लब निघाले, आमचा त्यातलाच एक छोटासा. तत्त्व सोपं, पोहायला शिकायचं तर पाण्यात उतरा. सगळे घाबरट एकत्र जमतात आणि आळीपाळीने एकमेकांना घाबरतात. पण शिस्त जबरदस्त. एक जण घड्याळ लावून बसतो आणि वेळ होत आली की आधी हिरवं, मग पिवळं, मग लाल कार्ड दाखवतो. एक जण व्याकरण बघतो. एक जण तुमच्या भाषणाचं परीक्षण करतो. आणि एक जण, कोपऱ्यात, वही घेऊन, तुमचे अं, आ, म्हणजे, ॲक्च्युअली हे सगळं मोजतो.

आमच्याकडे मोजणारे एक काका होते, निवृत्त, अत्यंत मृदू, पांढरीशुभ्र मिशी. त्यांना बघून वाटलं चला, घरचं माणूस आहे.

पहिलं भाषण स्वतःची ओळख करून देण्याचं, चार ते सहा मिनिटं. मी आकड्यांची बाई, हिशोब केला, मिनिटाला साधारण १३० शब्द हा बरा वेग, पाच मिनिटांना ६५०, बरोबर ६५० शब्दांचं भाषण लिहिलं, मोजून, पाठ केलं, बाथरूममध्ये म्हटलं, भिंतीला ऐकवलं. उभी राहिले. हिरवं कार्ड चार मिनिटांनी दिसणार होतं. मी बोलायला लागले, बोलत गेले, आणि मग अचानक माझं बोलणंच संपलं. टाळ्या पण लगेच आल्या नाहीत, लोकांना वाटलं श्वास घ्यायला थांबली असेल. घड्याळवाला मुलगा हिरवं कार्ड हातात धरून तसाच बसलेला. दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंद! मधला एक अख्खा परिच्छेद मी गिळला होता आणि उरलेलं असं म्हटलं होतं की मागे कुणी लागलंय.

परीक्षण करणाऱ्या बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, “पहिलं वाक्य अगदी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.” दुसऱ्या वाक्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

मग काका उठले. चष्मा लावला, वही उघडली आणि अगदी प्रेमाने म्हणाले, “मॅडम, पहिल्यांदाच बोललात, फार छान. ‘म्हणजे’ चौतीस. ‘ॲक्च्युअली’ नऊ. आणि मधूनमधून एक आवाज येत होता तो मला लिहिता आला नाही.”

घरी येताना मी डोक्यात भागाकार केला. पावणेतीन मिनिटांत चौतीस, म्हणजे दर पाच सेकंदांनी एक. हे कागदावर कुठेच नव्हतं बरं का, लिहिलेल्या ६५० शब्दांत एकही ‘म्हणजे’ नव्हता, ते सगळे जागेवर तयार झालेले, ताजे. घरी आल्यावर हे हसत हसत सांगण्याची चूक मी केली, आणि लेकीने वही काढली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. ‘म्हणजे’ दाबला की ‘ॲक्च्युअली’ वर यायचा, ॲक्च्युअली दाबला की ‘ते आपलं हे’, फुग्यासारखं, इकडून दाबा तिकडून फुगतो. आणि स्वतःचं ऐकायची सवय लागली की दुसऱ्याचं पण ऐकू यायला लागतं. शेजारच्या काकूंचं ‘कसंय ना’. नवऱ्याचं ‘बरोबर ना’, तो स्वतःच बोलतो आणि स्वतःलाच विचारतो. साहेबांचं तर विचारूच नका, त्यांचं मी पुढे सांगते.

मी बचावासाठी पुरावे शोधले. २००२ साली हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री या दोघांनी चक्क असं मांडलंय की इंग्रजीतले ‘अ’ आणि ‘अम’ हे नुसते कचरा आवाज नाहीत, ते शब्दच आहेत, “जरा थांबा, मला वेळ लागतोय, माझं संपलेलं नाही” असं त्यातून माणूस समोरच्याला कळवत असतो. मी हे लेकीला वाचून दाखवलं. म्हटलं बघ, शास्त्रज्ञ काय म्हणतात, आपण समोरच्याला सूचना देत असतो. ती म्हणाली, “बारकी बारकी सूचना ठीक आहे ना आई. तू दर पाच सेकंदांनी देतेस.”

आता पुढे ती काय होणार याची मला काळजी नाही. ज्याच्या ऑफिसात जाईल त्याची आहे.

काकांना मी एकदा क्लबनंतर गाठलं. म्हटलं, काका, यावर औषध काय? ते म्हणाले, “सोपं आहे. शब्द सापडला नाही तर गप्प बसायचं.” मला वाटलं रागावले. तर म्हणाले, “तसं नाही, दोन सेकंद. तोंड मिटायचं, श्वास घ्यायचा, शब्द सापडला की बोलायचं. ‘म्हणजे’ कधी येतो, तोंड उघडं आणि डोकं बंद असलं की. तर तोंड बंद करा.” मग त्यांनी मला त्यांचं लाडकं उदाहरण सांगितलं, ते म्हणे प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, १८६३ साली अमेरिकेत गेटिसबर्गला आधी एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, त्या काळचे नामांकित वक्ते, आणि नंतर राष्ट्राध्यक्ष लिंकन उठले आणि दोन-तीन मिनिटांत बसले, साधारण २७२ शब्द. आज एव्हरेटचं एक वाक्य कुणाला येतं का? मी मनात हिशोब केला, २७२ शब्द माझ्या वेगाने सव्वा मिनिटाच्या आत. फोटोवाल्याला कॅमेरा लावायला सुद्धा वेळ मिळाला नसता.

दोन सेकंद गप्प बसणं. ऐकायला काही वाटत नाही. करून बघा. पहिल्या अर्ध्या सेकंदात काहीच होत नाही. एक सेकंद झाला की समोरचे वर बघतात, जे फोनमध्ये होते ते पण. दीड सेकंदाला आपल्याला वाटतं झालं, आता सगळ्यांना कळलं की हिला काही येत नाही, कधीच येत नव्हतं, चौदा वर्षांपूर्वीच्या इंटरव्ह्यूतच चूक झाली होती. आणि दोन सेकंद पुरे होण्याआधी घशातून तो ‘म्ह’ निघतोच. तो डेमोस्थेनिस, ग्रीकांचा महान वक्ता, तोंडात खडे धरून भाषणं म्हणायचा असं प्लुटार्क या जुन्या चरित्रकाराने लिहिलंय, शिवाय तळघरात सराव करायचा आणि लाजेने बाहेर जाता येऊ नये म्हणून अर्धंच डोकं भादरून घ्यायचा. लोक खड्यांचंच कौतुक करतात. मला वाटतं खडे सोपे असणार. तोंडात खडे असले की निदान ‘म्हणजे’ला जागा राहत नाही.

सराव घरीच सुरू केला. नवरा संध्याकाळी आला, म्हणाला, “काय गं, कसा गेला दिवस?” मी ठरवल्याप्रमाणे तोंड मिटलं, श्वास घेतला, त्याच्या डोळ्यांत बघितलं. एक. दोन.

“काय झालं?” तो म्हणाला.

मी अजून शब्द शोधत होते.

“बिलाचं कळलं का तुला? अगं मी भरणारच होतो, तारीख कालचीच होती, दंड काही फार नाहीये...”

दुसऱ्या दिवशी असाच विचारला गेलेला साधा प्रश्न, अशीच दोन सेकंदं, आणि त्याने आपणहून सांगितलं की माझी निळी छत्री हरवली नव्हती, त्याच्याकडून हरवली होती. तिसऱ्या दिवशीपासून त्याने मला प्रश्न विचारणंच बंद केलं. व्यावसायिक क्षेत्रात याचा उपयोग काय ते माहीत नाही, पण संसारात या दोन सेकंदांना तोड नाही, हे मी आधी शिकायला हवं होतं.

क्लबमध्ये आयत्या वेळच्या विषयांचाही एक प्रकार असतो, चिठ्ठी काढायची आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं. मला आलं “मी जर लिफ्ट असते तर”. मी लिफ्टसारखीच मध्येच अडकले. पण तिथे पहिल्यांदा, अडकल्यावर, मी गप्प राहिले. काकांनी वहीत बघून नंतर सांगितलं, “म्हणजे सहा.” टाळ्या पडल्या. आयुष्यात बऱ्याच परीक्षा पास झालेय पण ‘सहा’ला इतकं भरून कधी आलं नव्हतं.

भीती मात्र गेली नव्हती, अजूनही नाही. मी वाचलं होतं की २०१४ साली हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी प्रयोग केले, भाषणाआधी घाबरलेल्या माणसाने स्वतःला “शांत हो” म्हणण्यापेक्षा “मला उत्साह आलाय” असं मोठ्याने म्हटलं तर तो जास्त चांगला बोलतो, कारण धडधड दोन्हींत सारखीच, फक्त तिला नाव दुसरं द्यायचं. मी मीटिंगच्या सकाळी बाथरूममध्ये आरशासमोर मोठ्याने म्हटलं, “मला फार उत्साह आलाय!” बाहेरून नवरा म्हणाला, “आनंद आहे, पण आता बाहेर ये, मला उशीर होतोय.”

आणि दुसरं एक, २००३ सालचं, सॅव्हिट्स्की आणि गिलोविच या दोघांचं. बोलणाऱ्याला वाटतं आपली सगळी धडधड समोरच्यांना लख्ख दिसतेय, प्रत्यक्षात त्यांना त्यातलं फार थोडं दिसतं. हे मी एका लहानशा मीटिंगनंतर तपासलंच. बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला विचारलं, “खरं सांग, मी थरथरत होते ना?” तो विचारात पडला आणि म्हणाला, “कधी? तू बोललीस का आज?”

दिलासा म्हणावा की अपमान ते अजून ठरवलेलं नाही.

तर मग गेल्या आठवड्यात तिमाही मीटिंग आली. तीच, तीस चौकोनांची. मी घरून जोडलेली. तयारी कडेकोट. मागच्या वेळी माझ्या स्लाइड एकतीस होत्या आणि एकेका तक्त्यात चौदा रकाने, आता फक्त पाच, एकेका स्लाइडवर एकच आकडा, मोठा. पॉवरपॉइंट १९८७ सालापासून बाजारात आहे आणि एका स्लाइडवर एकच आकडा लिहिला तरी ते चालतं हे कळायला मला एवढी वर्षं लागली. पिवळ्या कागदाचे डोळे जागेवर. पाण्याचा ग्लास. लेकीला सुट्टी होती, ती टेबलाच्या पलीकडे वही घेऊन बसली, म्हटलं बस, पण हूं की चूं करायचं नाही, नुसती बोटं दाखव.

साहेब म्हणाले, “आता मॅडम सांगतील.” मी कॅमेरा चालू केला आणि बोलले. अध्यक्ष महाशय नाही, गुरुजनवर्ग नाही. सरळ पहिला आकडा, मग त्याचं कारण, मग दुसरा आकडा. माझं मलाच ऐकू येत होतं, पहिल्यांदाच बरं वाटत होतं. चौथ्या स्लाइडपर्यंत लेकीची फक्त दोन बोटं वर होती. दोन!

मग सगळ्यात वरच्या साहेबांनी, जे एरवी नुसते मान हलवतात, प्रश्न विचारला. “हा आकडा मागच्या तिमाहीपेक्षा खाली का आलाय?”

मला उत्तर माहीत होतं. कुठल्या ओळीत आहे ते माहीत होतं. आणि त्याच क्षणी तो ‘म्हणजे’ जिभेच्या टोकावर येऊन उभा राहिला, लेकीचा हात तिसरं बोट वर करायला अर्धा उचललेला मला दिसला. मी तोंड मिटलं. सावकाश श्वास घेतला. हात टेबलावर, स्थिर. नजर बरोबर त्या काळ्या ठिपक्यावर, पापणीसुद्धा हलू दिली नाही. एक. आत शब्द रांगेत यायला लागले, कारण, ओळ, रक्कम, कधीपर्यंत भरून निघेल, सगळं. दोन. इतका सुंदर, इतका भरगच्च पॉज मी आजवर कधी घेतला नव्हता आणि मला मोह झाला, म्हटलं अजून अर्धा सेकंद धरू. काका असायला हवे होते.

“मॅडम?” साहेबांचा आवाज. “हॅलो? मॅडम फ्रीझ झाल्या वाटतं.”

“हो, हलत नाहीयेत,” कुणीतरी म्हणालं.

“माझ्याकडे पण तशाच दिसतायत. चेहरा बघा ना.”

“त्यांच्याकडे नेटचा प्रॉब्लेम असतो का नेहमी?”

मी तोंड उघडलं, पण तोवर साहेबांनी मला म्यूट केलं होतं, आवाज खरखरायला नको म्हणून. “असू दे, असू दे, मी सांगतो,” ते म्हणाले, “त्याचं असंय की म्हणजे ॲक्च्युअली गेल्या तिमाहीत म्हणजे जे काही होतं ना ते म्हणजे...”

टेबलापलीकडे लेकीने माझं पान उलटलं, कोरं पान काढलं, आणि वर नीट अक्षरात लिहिलं, “आईचे साहेब”.